चाकांच्या खुर्चीतली धडधाकट बाई

प्रज्ञेश: आई, खाली बस आधी. आणि जरा मान टाकून बस.

सोजरबाई: मान काहून टाकू? ताठ बसलं तर या खुर्चीची चाकं फिरत नाहीत का?

प्रज्ञेश: हळू बोल गं. असिस्टन्सची लाईन आहे ही. आपल्या पुढे दोन खुर्च्या फक्त. आणि तिकडे बघ, जनरल लाईन. त्या खांबांना वळसा घालून पार मागच्या भिंतीला लागलीये. एकदम चार विमानं उतरलीत वाटतं.

करुणा: बघून घ्या आई. कशी ती गरीब, धडधाकट माणसं. बिचाऱ्यांना कुणी आजारी आई दिली नाही.

प्रज्ञेश: करुणा, नॉट नाऊ. बार्बाडोस, मायामी, लॉस एंजेलिस आणि आता मेलबर्न. कुठे पाय दुखेपर्यंत उभी राहिलीस तू? सासूच्या खुर्चीमागून थेट आत. थँक यू म्हटलं असतंस तरी चाललं असतं.

करुणा: थँक यू. पण मला त्या बेटाच्या हवेचं नवल वाटतंय. तिथे आपण उठायच्या आत आई वाळूतून पार त्या दगडी धक्क्यापर्यंत चालून येत होत्या. आणि विमानतळाच्या दारात टॅक्सी थांबली, तशी गुडघे गेले.

सोजरबाई: गुडघ्यांचं मी काही म्हटलं का? गुडघे दिले मी त्याला. म्हटलं, पोरगा बार्बाडोसला क्रिकेटच्या मॅच पाहू पाहू थकला, लाईनीत उभं राहवत नाही त्याला, तर त्याच्या जागी मी बसते खुर्चीत.

प्रज्ञेश: सगळेच करतात, आई. प्रत्येक इंडियन फॅमिली करते. आईवडील आले की तिकिटासोबत व्हीलचेअर बुक. तो एक क्लिक आहे, गुन्हा नाही.

करुणा: सगळेच करतात म्हणून तर लॉस एंजेलिसला फसलास. तिथे खुर्च्यांचीच लाईन होती. सगळ्यांच्या आया गुडघ्यांनी अधू, आणि मधेच उठून चॉकलेटं घ्यायला पळतायत. मग साहेबांनी आमच्या आईंना प्रमोशन दिलं. गुडघ्यातून थेट डोक्यात.

प्रज्ञेश: मी फक्त "मेमरी इश्यूज" म्हणालो. माइल्ड.

करुणा: माइल्ड. मिसळीसारखं.

सोजरबाई: आणि त्या काउंटरवरच्या पोरीने ही सूर्यफुलांची पट्टी माझ्या गळ्यात घातली. मला वाटलं, म्हातारी बाई एवढ्या लांबून आली म्हणून सत्कार करून राहिली. मी हात जोडून जयभीम केला तिला.

करुणा: मी सांगणार होते आई. पण तुम्ही इतक्या खूश होतात.

सोजरबाई: सांगावं लागलं नाही. विमानात हवाईसुंदरीने मला चहा दिला नाही. भाजेल म्हणे. झाकणाच्या कपात कोमट पाणी दिलं. संडासाच्या दारापर्यंत हात धरून घेऊन गेली आणि दाराला टेकून उभी राहिली. मग शेजारच्या पंजाबी बाईने हिंदीत समजावलं, ज्याचं दुखणं वरून दिसत नाही त्याने घालायची असते ही पट्टी. तिचा नवरा बसला होता खिडकीशी, त्याच्याही गळ्यात होती. त्याला बायकोचं नाव येत नाही आता. बाई मला विचारून राहिली, बहेनजी, आपको कौनसी गोली चालू है. काय सांगू मी तिला? लाईन टाळायची गोळी?

प्रज्ञेश: झालं ना आता. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. पट्टी काढू नकोस तेवढी.

सोजरबाई: प्रज्ञेश, अकोल्याच्या झेडपीत मी आस्थापनेच्या टेबलावर होते. फाईलवर शेरा पडला की पडला. साहेब बदलतो, कपाट बदलतं, शेरा तिथेच राहतो. या लोकांनी माझ्या नावापुढे काही लिहिलं तर?

प्रज्ञेश: कोणी काही लिहीत नाही.

करुणा: पुढच्या महिन्यात आईंच्या व्हिसाची मेडिकल आहे. तिथे डोकं शाबूत पाहिजे. आज नको. अपॉइंटमेंट घेऊन शहाणं व्हायचं, अपॉइंटमेंट घेऊन वेडं.

प्रज्ञेश: दोन वेगळी डिपार्टमेंट्स आहेत, मेट.

करुणा: मी मेट नाही. बायको आहे.

सोजरबाई: एक विचारू? हे तू लॉस एंजेलिसला पहिल्यांदा बोललास का?

प्रज्ञेश: काय?

सोजरबाई: आईला आठवत नाही, हे.

प्रज्ञेश: मग? आणखी कुठे बोलणार?

सोजरबाई: बार्बाडोसला निघायच्या आधी ऋतिकाचा फोन आला होता मला. शैलेंद्रच्या बायकोचा. म्हणाली, काकू, तब्येत सांभाळा, वर्गाचं मनावर घेऊ नका, आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. मी म्हटलं, माझ्या तब्येतीला काय झालं? तर म्हणते, हो हो काकू, काहीच नाही झालं. असं समजुतीनं म्हणाली की मीच घाबरले.

करुणा: थांबा. कुठला वर्ग? आपल्या लोकांच्या मुलांचा, रविवारचा? क्लेटनच्या हॉलमधला?

सोजरबाई: तोच. मराठी आणि बुद्धवंदना. मी तर पाठ काढून ठेवले होते. चित्रं चिकटवली होती.

करुणा: प्रज्ञेश, तू मला म्हणालास, आईंनीच नको म्हटलं.

प्रज्ञेश: अगं, ऐकून तर घे. क्रेगीबर्न ते क्लेटन दर रविवारी. शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. हिचा वर्ग संपेपर्यंत मी गाडीत बसायचं. आठवड्यात तो एक दिवस असतो मला. आणि वर्ग चालवणाऱ्या शैलेंद्रला सरळ नाही म्हणून बघ तू. लगेच लिफ्ट अरेंज करतो, ग्रुपवर मेसेज टाकतो, दहा लोक तयार. मग मी वाईट दिसतो.

करुणा: मग?

प्रज्ञेश: मग म्हणालो, आईचं विसरणं जरा वाढलंय. ते सोपं पडतं. लोक पुढे विचारत नाहीत.

सोजरबाई: हो. विचारत नाहीत. मलाच कोणी काही विचारत नाही आता. निघायच्या आधी हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण होतं, मी वरणात मीठ टाकायला गेले, तर चारुताने चमचा काढून घेतला हातातून. टाकलंय हो काकू मीठ, म्हणाली. तीन वर्षांच्या लेकराशी बोलतात तसं. मला वाटलं, वयाचा मान देऊन राहिली.

प्रज्ञेश: चारुता सगळ्यांशीच तशी बोलते.

करुणा: चौथं शील कोणतं रे?

प्रज्ञेश: आता हे काय मधेच?

करुणा: त्या वर्गात पोरांना पहिल्याच रविवारी शिकवतात ते. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. आठवत नाही? मग पट्टी चुकीच्या गळ्यात आहे.

प्रज्ञेश: बोला. दोघी मिळून बोला. मी काय मजा मारत होतो? हॉटेल मी बघितलं, व्हिसे मी काढले, बॅगा मी उचलल्या. आईला समुद्र दाखवला. कुणाचा मुलगा दाखवतो? जरा एक लाईन टाळली तर मी राक्षस.

सोजरबाई: समुद्र छान होता, बाप्पा. त्याला मी नाव ठेवलं का?

प्रज्ञेश: मग झालं तर. घरी गेलो की आजच दुपारी, आर्व्होला, शैलेंद्रला फोन करतो. सांगतो काहीतरी.

करुणा: काय सांगशील? आई बऱ्या झाल्या? बार्बाडोसच्या पाण्याने गुण आला?

प्रज्ञेश: करुणा, प्लीज. पुढची खुर्ची गेली. आता आपणच. तो ऑफिसर इकडेच बघतोय. आई, बोलायचं मी. तू फक्त हस.

सोजरबाई: तू काय बोलणार आहेस ते मला मराठीत सांग आधी.

प्रज्ञेश: हेच की, तुला इंग्लिश नीट येत नाही.

सोजरबाई: ते खरं आहे. बेताचंच येतं. पुढे?

प्रज्ञेश: आणि... गोंधळतेस थोडी.

सोजरबाई: बरं.

प्रज्ञेश: बरं म्हणजे काय? ऐनवेळी उठून उभी राहू नकोस हां. तमाशा होईल.

सोजरबाई: उठणार नाही. पट्टीही काढणार नाही. तू म्हणशील तशी बसते. तो तुलाच विचारेल, तूच सांग. सतरा वर्षं विधवा बाईच्या पगारावर शिकलास, तेव्हा शाळेत प्रत्येक कागदावर सही माझी चालली. आज माझ्या डोक्याचा दाखला तू दे.

करुणा: येतोय तो.

(अधिकारी खुर्चीपाशी येतो, सोजरबाईंच्या गळ्यातल्या पट्टीकडे बघतो आणि प्रज्ञेशला विचारतो, या बाई त्यांची उत्तरं स्वतः देऊ शकतील का.)

प्रज्ञेश: शी... येस. येस, शी कॅन. शी इज फाइन, ॲक्चुअली. शी कॅन वॉक ॲज वेल. सॉरी अबाउट दॅट.

करुणा: "नो वरीज" म्हणाला बघ. किती गोड. आणि बोट कुठे दाखवलं? खांबांच्या मागे. चला. बॅग घे ती. खुर्ची इथेच राहू दे, कुणाला तरी खरंच लागेल.

प्रज्ञेश: हसत होता तो माझ्यावर.

करुणा: नाही रे. रोज बघत असेल तो असले चमत्कार. आमच्याकडे माणसं लाईन दिसली की पडतात आणि लाईन संपली की उठतात.

प्रज्ञेश: ही लाईन काही आज संपत नाही. माझ्या पुढे ती शाळेची अख्खी सहल आहे. आई, तू बॅगेवर टेक तरी.

सोजरबाई: नको. बसून बसून कंबर धरली माझी.

प्रज्ञेश: आणि खरं बोललो तरी तोंड पाडूनच चालायचं का सगळ्यांनी?

करुणा: ढोल मागवू?

प्रज्ञेश: तुझं राहू दे. आई, तू बोल. मी येस म्हणालो की नाही? त्याच्या तोंडावर म्हणालो.

सोजरबाई: म्हणालास. पण त्याआधी माझ्याकडे पाहून घेतलंस, खरंच जमेल का हिला म्हणून.