पंचेचाळीस सेकंद

वेस्ट हॉलिवूडमधल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रांग होती. म्हाताऱ्या लायलने पुस्तक उघडले होते, पण पुढच्या दोघांच्या बोलण्यामुळे त्याचे पान काही उलटेना. दोघेही ऐंशीला टेकलेले. ऑरिनला चित्रपटातल्या वेशभूषेच्या पुरस्कारासाठी नामांकन होते, सोहळा रविवारी. डेल्मरच्या हातात सेकंद मोजायचे घड्याळ होते.

"म्हण परत. पंचेचाळीस सेकंद झाले की बँड सुरू करतात, माणूस बोलत असला तरी."

ऑरिनने आभाराचे भाषण हळू आवाजात म्हटले. निर्माते, दिग्दर्शक, सगळे शिंपी, आई, आणि शेवटी, "माझा नवरा डेल्मर."

"एक्कावन्न. मला काढ."

"मागच्या वेळी काढलं होतं."

"काढलं कुठे? 'माझा रूममेट' म्हणालास की. आई टीव्ही बघत होती ना तुझी."

"अडतीस वर्षं झाली, अजून टोचतोस."

"टोचत नाही रे. रूममेट म्हणून दर नाताळला तिनं मला मोजे पाठवले. उबदार होते."

"आता आई नाही."

"मग तिला काढ."

"गप. निर्मात्यांना काढतो."

"वेडा आहेस? पुढचं काम कोण देईल?"

"एकोणऐंशीचा आहे मी, डेल्मर. पुढचं काम हवंय कुणाला?"

डेल्मरने घड्याळ पुन्हा शून्यावर आणले.

"म्हण."

"माझा नवरा डेल्मर, माझे शिंपी, आई..."

"मी आधी कशाला?"

"बँडचा काय भरवसा?"