कपाटामागची वायर

माझा जन्म मुरबाडकडच्या खेड्यातला, वडिलांनी धम्म घेतला आणि पाठोपाठ मला शाळेत घातलं, मी मॅट्रिक झाले, नगरपालिकेत कारकून लागले, आणि काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांत एक मेमो नाही, एक खोटी सही नाही. अभिमानानं नाही सांगत, तसं होतं म्हणून सांगते. बदलापूरला हेंद्रेपाड्यात ब्लॉक घेतला, फोन आला, तेव्हा ह्यांनी आतल्या खोलीत दुसरी वायर ओढली. त्याला तेव्हा परवानगी लागायची. मी म्हटलं, अहो, मी सरकारी माणूस. तर म्हणाले, वायरीवर तुझं नाव लिहिलंय का? पुढे आतला फोन बिघडला, काढून टाकला, वायर कपाटामागे राहिली. मग हेही गेले.

वैशाली, माझी सून, नंतर आली. बाळ झाल्यावर तिनं घरबसल्या काम घेतलं. परदेशी डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून ऐकायचं, टाइप करायचं, वेळेत पाठवायचं. पण नेट त्याच फोनच्या लाइनीवरून यायचं, ते सारखं तुटायचं. मोडेमवरचा दिवा लुकलुकायचा, विझायचा, ती बंद करून चालू करायची, पुन्हा तेच. लाइनमन म्हात्रे आला, खांबापासूनची वायर बदलली, दुसऱ्या खेपेला मोडेम बदललं, आणि दोन्ही खेपांना मला विचारलं, मावशी, आत कुठं वायर नेलीय का? मी म्हटलं, नाही. पहिल्यांदा भीतीनं म्हटलं. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा म्हटलं होतं म्हणून.

मग कंपनीनं तिला कळवलं, आणखी एकदा उशीर झाला तर काम बंद. तरी मी दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी ती बाळाला डोस द्यायला गेली, तेव्हा म्हात्रेला बोलावून कपाट सरकवायला लावलं. तो हसायलाच लागला. अगं मावशी, आता कोन इचारतं? अर्ध्या बदलापुरात असल्या वायरी हायेत, टेन्शन नको घेऊ. ओलीनं जोड सडला होता. त्यानं वायर कापली, दिवा स्थिर झाला. वैशाली आल्यावर तिला म्हणाला, जुनी वायर मिळाली, मीच आधी बघायला पायजे होती. पण आदल्या दिवशीच तिची फाइल अडकली होती. काम गेलं.

आता ती उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, कपड्यांच्या दुकानात उभी असते, दिवेलागणीनंतर घरी येते. बाळ माझ्याजवळ. आई कुठे, विचारलं की ते कंप्युटरच्या टेबलाकडे बोट दाखवतं. मला रडू येत नाही. भात लावते, कपडे वाळत घालते. ती अजून म्हात्रेला बोल लावते, आणि मी ऐकते.

छापताना नाव बदलू का, असं तुम्ही विचारलंत. नका बदलू. छापलेलं ती सगळं वाचते. वाचू दे.