आग्रही अण्णा आणि वाटीएवढं पोट

मंडळी, ऐका! टाळ खाली ठेवा, मांडी जरा सैल सोडा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. मनातल्या मनात द्या हं, मोठ्यानं नको — घरची माणसं शेजारीच बसलीत!

प्रश्न असा. पंगतीत एखाद्यानं पत्रावळीवर आडवा हात धरला आणि म्हणाला, 'नको.' तर त्याला वाढावं, की वाढू नये? न वाढावं, तर लोक म्हणणार, काय कद्रू माणूस! वाढावं, तर पुण्य. बरोबर? पण ते पुण्य ज्याच्या पोटात जातं, त्याचं पुढं काय होतं — हे कुणी पाहिलंय?

पाहिलंय! माळशेंदच्या नरहरअण्णा दिवट्यांनी पाहिलंय. स्वतःच्या पोटात पाहिलंय! त्यांचंच आख्यान आज लावलंय. पुराणात शोधू नका, सापडायचं नाही. पद मात्र आहे —

*देवे दिले पोट । आम्ही केली पेठ ।*
*भरेना ती नीट । जन्म जाई ॥*

माझंच आहे. संतांच्या माथी मारू नका, त्यांना आधीच पुष्कळ त्रास आहे.

तर हे नरहरअण्णा. घरी यंत्रमाग, स्वभाव उदार, आवाज मागापेक्षा मोठा. आणि गावच्या हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात लाडवाची परात अण्णांकडं — बापापासून चालत आलेला मान! माळशेंदला पंगतीचं एक शास्त्र आहे. पहिलं 'नको' म्हणजे लाज. दुसरं 'नको' म्हणजे भूक. आणि तिसरं 'नको' म्हणजे — दोन वाढा! या शास्त्राचे महामहोपाध्याय म्हणजे अण्णा. पत्रावळीवर हात धरलात? हातावर वाढणार! "माझ्या गळ्याची शपथ हाय," म्हणणार. त्या गळ्याला इतक्या शपथा बसल्या, तरी गळा मजेत. खालचं पोट फक्त वाढत गेलं. कारण वाढपी बसतो शेवटच्या पंगतीला, आणि तेव्हा अख्खं गाव येतं उट्टं काढायला. "अण्णा, आता तुमची पाळी!"

एका वर्षी पंगतीला त्यांचे व्याही आले, हणमंतराव वरुटे. लेकीचे सासरे. मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "अण्णा, खरंच नको. मला साखर आहे."

अण्णा काय म्हणाले असतील? "साखर हाय? मग लाडवाशी जमंलच की तुमचं!" — आणि टाकले चार!

खाल्ले बिचाऱ्यांनी. नवं नातं होतं. नंतर काही दिवस आजारी होते म्हणतात. बोलले काहीच नाहीत. पण मंडळी, मोजकं बोलणारा माणूस विसरत नसतो. तुमच्या घरी असेल तर जपून राहा!

पुढं काय झालं? अण्णांचं पोट एवढं झालं, की कमरेत वाकणं बंद. परात दुसऱ्यानं धरायची आणि अण्णांनी उभ्यानंच लाडू सोडायचा — वरून खाली, नेम धरून. एकदा नेम चुकला. लाडू पडला आमटीच्या द्रोणात, आणि ग्रामसेवकाचा पांढरा सदरा झाला पिवळा. लोक हसले. अण्णाही हसले. पण दुसऱ्या दिवशी तरुण मंडळाची पोरं घरी आली, फार आदरानं. "अण्णा, पुढच्या वर्षी तुम्ही परात घ्यायची नाही. स्टेजवर खुर्ची टाकू. हार घालू!"

हार घालून खुर्चीवर बसवणं म्हणजे काय, हे इथल्या पाहुण्यांना विचारा. माझ्याकडं बघू नका, मी उभा आहे अजून!

अण्णांना ते लागलं. गुडघे दुखत होते ते चाललं, रक्तातली साखर चढली तीही चालली, पण परात जाणार? दिवाळी झाली आणि अण्णा शहरातल्या डॉक्टर मुजावरबाईंच्या पुढं जाऊन बसले. "बाई, हनुमान जयंतीला मला वाकता आलं पायजे. मला दुसरं काय बी नको."

बाईंनी तपासलं, सगळं समजावून सांगितलं. म्हणाल्या, "काका, पोटाची एवढीशी पिशवी ठेवायची. आमटीच्या वाटीपेक्षा लहान. आतडं थेट तिला जोडायचं."

"आणि बाकीचं पोट?"

"ते आतच राहील. पण अन्नाचं काम त्याच्याकडं नाही."

"म्हणजे रिटायर!" अण्णा म्हणाले. "आतच बसून राहणार, आणि कुणी विचारणार नाही."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "एक गोष्ट कबूल करा. नंतर कुणी कितीही आग्रह केला, तरी नको म्हणायचं. टाके ओले असताना भलतंसलतं खाल्लंत आणि जोड सुटला, तर जिवावर बेतेल. जमेल?"

"त्यात काय अवघड?" म्हणाले अण्णा.

घात झाला तो इथं! जन्मभर ज्यानं दुसऱ्याचं 'नको' ऐकलं नाही, त्याला स्वतःला ते म्हणता कुठून येणार?

ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, छोट्या छोट्या छेदांनी. अण्णा शुद्धीवर आले आणि बोंबलले — "खांदा! खांदा दुखतोय!" सिस्टरला खूण करून जवळ बोलावलं, हळूच विचारलं, "बाई, एकदा बघून घ्या. चुकीचं उघडलं नाही न्हवं?"

सिस्टर म्हणाली, "पोट फुगवायला आत गॅस भरतात काका. तो वर चढून खांद्याशी टोचतो. चाला, म्हणजे जाईल."

मग निघाली वरात! एका हातात सलाईनचं स्टँड, दुसऱ्या हाताला सिंधूकाकू — अण्णांची बायको, मोठी सोशिक बाई — आणि दवाखान्याच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या. पोटात गुडगुड चाललीय, जणू आत कुणी रिकामी पिंपं लोळवतंय. मळमळ आहे, कळ आहे. आणि जो तो एकच प्रश्न विचारतोय. डॉक्टर आले — "गॅस पास झाला?" सिस्टर आली — "गॅस पास झाला?" फरशी पुसणाऱ्या मावशी, त्यासुद्धा — "झाला का वो काका?" मंडळी, जी गोष्ट माणूस भर सभेत लपवतो, तिची तिथं सगळे सभा भरवून वाट बघत होते!

आणि झाला! एका सकाळी, औषधांच्या कपाटासमोर, सिंधूकाकूंच्या साक्षीनं झाला! काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं — आनंदाचं हो! त्यांनी लेकीला फोन केला, लेकीनं सासूला सांगितलं, आणि दुपारपर्यंत माळशेंदच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसकट — 'अण्णांचे हार्दिक अभिनंदन!'

पेटीवाले, हसू नका. तुम्हाला रोज फुकट मिळतंय, म्हणून किंमत नाही!

मग पाणी सुरू झालं. कसं? औषधाच्या टोपणाएवढ्या कपानं, घोट घोट. अण्णांचा पिंड तांब्या वर धरून गटागटा पिणाऱ्याचा. सवयीनं एकदम ओढलं — छातीत गच्च बसलं, उचकी लागली, आणि पाणी आलं त्याच दारानं परत. शिकले हळूहळू. पुढं डाळीचं पाणी मिळालं, दोन चमचे. अण्णांनी दुसरा चमचा गिळला आणि — ढेकर! आपल्याकडं ढेकर म्हणजे यज्ञाची पूर्णाहुती. अण्णांची समिधा पेटायच्या आत पूर्णाहुती! "सिंधू," ते खिन्नपणे म्हणाले, "जेवण झालं माझं."

घरी आले आणि खरी परीक्षा लागली. आजारी माणसाला बघायला आपण मोकळ्या हातानं जातो का? छे! शेजारच्या गोदाक्का कटाची आमटी घेऊन हजर. कुणी शिरा आणला, कुणी सांज्याच्या पोळ्या.

अण्णा म्हणाले, "नको."

गोदाक्कांनी पातेलं खाली ठेवलं. "लाजताय व्हय?"

"नको, खरंच नको."

"बघा, भूक हाय!"

"अक्का, पाया पडतो, नको!"

"दोन वाट्या आणा गं!"

शास्त्र, मंडळी! अण्णांनीच शिकवलेलं शास्त्र! शेवटी काकू मधे पडायच्या आणि आलेल्या माणसाचा मान राहावा म्हणून ते सगळं स्वतः खायच्या. अण्णांचं वजन उतरत होतं, काकूंचं चढत होतं. घराचं एकूण तेवढंच!

आणि एके दिवशी दारात जीप थांबली. उतरले कोण? हणमंतराव वरुटे! हातात स्टीलचा डबा. डब्यात बासुंदी.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. थोडं होतं! व्याही आहेत हो, अगदीच काही नसेल असं कसं?

काकू चहा टाकायला आत गेल्या. हणमंतरावांनी वाटी भरली. "घ्या अण्णा."

"नको व्याही. अजून सगळं पातळच चाललंय."

"बासुंदी पातळच असते."

अण्णांनी वाटीवर आडवा हात धरला. हणमंतरावांनी त्या हाताकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही माझ्या हातावर वाढलं होतं. मी काही बोललो नव्हतो. माझ्या गळ्याची शपथ आहे, अण्णा."

आता काय करणार? समोर लेकीचा सासरा, मधे शपथ, आणि खाली — खोटं कशाला बोलू — केशर घातलेली बासुंदी! एक चमचा घेतला. दुसरा घेतला. चौथ्याला अण्णांच्या कपाळावर घाम आला.

चहा घेऊन काकू आल्या, तर अण्णांचा चेहरा पांढराफटक. काळीज धडधडतंय, पोटात पीळ पडलाय, ओकारी थांबत नाही. अण्णांनी काकूंचा हात घट्ट धरला. "सिंधू... टाका तुटला बघ."

आता कुणी हसत नाही. नका हसू. तेव्हा त्या घरातही कुणी हसलं नाही. बाईंनी सांगितलेलं काकूंच्या कानात घुमत होतं — जोड सुटला तर जिवावर बेतेल. हणमंतरावांनी स्वतः जीप काढली. मोजकं बोलणारा तो माणूस वाटभर बोलत होता, "अण्णा, मला एवढं नव्हतं हो करायचं... एक चमचा, गंमत म्हणून..."

मागच्या सीटवर काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून अण्णा पडले होते. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "हणमंतराव, त्या वर्षी पंगतीत तुम्ही नको म्हणालात... ते खरंच नको होतं?"

"खरंच नको होतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

हणमंतरावांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "चारदा सांगितलं होतं, अण्णा."

जीप दवाखान्याच्या दारात थांबली.

मुजावरबाईंनी औषध पाजून एक्स-रे काढला, पुन्हा पुन्हा बघितला. देवाची कृपा आणि बाईंचा हात — जोड शाबूत! "साखर एकदम आतड्यात उतरली, की शरीर असं बंड करतं," बाई म्हणाल्या. "वाचलात. पण काका, नको म्हणायचं ठरलं होतं ना?"

"म्हटलं की वो बाई!" अण्णा रडकुंडीला आले. "कुणी ऐकलंच न्हाई!"

तेवढ्यात काकू बोलल्या. संसारात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं. "कसं ऐकतील? गावाला शिकवलंय कुणी?"

बोला, पुंडलिक वरदे... नको, राहू द्या. एवढ्या खऱ्या वाक्यावर गजर केला, की माणसं वाक्य विसरतात.

चैत्र आला. हनुमान जयंती! तोवर अण्णा मऊ भातावर आले होते, घास घास चावत होते, आणि अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. देवळासमोर पंगत बसली. स्टेजवर खुर्ची होती, हारही होता. अण्णांनी हार काढून खुर्चीलाच घातला, उपरणं कमरेला बांधलं आणि परात उचलली. पहिल्याच पानावर हणमंतराव! गाव श्वास रोखून बघतंय.

आणि अण्णा वाकले! कमरेतून, गुडघ्यातून, पार खाली — पत्रावळीशी! आणि मंडळी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांना जेवणाऱ्याचं तोंड दिसलं. उभ्यानं वाढणाऱ्याला काय दिसतं? पत्रावळ. तिच्यावरची रिकामी जागा. तोंड बघायचं तर वाकावं लागतं!

"लाडू?" अण्णांनी विचारलं.

"नको," हणमंतराव म्हणाले.

अण्णांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "बरं," म्हणाले — आणि पुढं सरकले!

पुढच्या पानावर नारूतात्या, गावचे जुने शिंपी. डोळे परातीवर, जीभ ओठांवर. पण तोंड? तोंड सवयीनं बोलून गेलं — "नको नको!"

अण्णा थबकले. तात्या घाबरले. आता हा 'बरं' म्हणून पुढं गेला, तर वर्षाचा लाडू गेला!

"तात्या," अण्णा आणखी खाली वाकले, "माझ्याकडं बघून सांगा. हवा?"

काय सांगू तुम्हाला! नातवंडं लग्नाला आलेला तो म्हातारा, पण चारचौघांत 'हवा' म्हणायची वेळ आयुष्यात आली नव्हती. कान लाल झाले नवरीसारखे. खाली मान घालून म्हणाला, "...हवा."

"किती?"

"...दोन."

हशा उसळला, आणि मग पंगतभर आवाज सुरू झाले — "मला एक!" "मला अर्धा!" "मला खरंच नको, अण्णा!" आणि शेवटच्या टोकाहून गोदाक्का, "आमटी हाय का अजून? मला हवी!"

एवढीच गोष्ट. आता तुमच्याकडं वळतो. उठू नका, दार बंद आहे!

पंगतीत भरल्या पोटी 'नको' म्हणणाऱ्याला आपण हातावर वाढतो. पण घरी सगळ्यांच्या मागून जेवायला बसते ती... सून असेल, बायको असेल, आई असेल. भाकरीची टोपली तळाला गेलेली असते. आपण विचारतो, "तुला आहे ना गं?" ती म्हणते, "मला नको, भूक नाही." आणि तिचं 'नको' मात्र आपण पहिल्याच खेपेला ऐकतो! तिथं नाही कुणी शपथ घालत! तिच्यापुढं वाकून तिचं तोंड बघितलंय कधी? अण्णांना त्यासाठी पोट कापून घ्यावं लागलं. तुम्हाला नुसती मान वळवायची आहे.

आता प्रसाद आहे. वाढायला कोण? ते बघा, खांबाशी उभे आहेत, उपरणं कमरेला. खुद्द नरहरअण्णा दिवटे! पाहुणे म्हणून बोलावले होते, परात बघितली आणि राहवलं नाही. एकदाच विचारतील, तोंडाकडं बघून. खरं सांगा. हवा असेल तर हवा, नको तर नको.

बोला, बजरंगबली हनुमान की — जय!

आणि अण्णा, मला विचाराल तेव्हा एक लक्षात ठेवा. मी बुवा आहे, बुवानं 'नको' म्हणायचं असतं. मी म्हणेनच.

जरा वाकून बघा!