डाव्या बाजूचा पोचा

...आणि वर तो टायरवाला मलाच विचारतो, "काका, डोंगरात राहता का?" अहो, डोंगरात कशाला राहीन मी? काचवाला आहे मी, काचवाला! खिडक्यांच्या काचा, आरसे, कपाटांची सरकती दारं... बत्तीस वर्षं झाली या धंद्यात. काचवाल्यानं गाडी कशी चालवावी? खड्डा दिसला की आधी ब्रेक, मग देवाचं नाव, मग पहिला गिअर! आणि त्या काचवाल्याची पिकअप बघा आता. बॉनेट माझ्या गळ्यापर्यंत आलंय, खाली हे एवढाले दातेरी टायर, चिखल तुडवायचे, दगडांवर चढायचे, आणि हौद्यात काय, तर बाथरूमचा आरसा! गिऱ्हाइकं हसतात. आरसा उतरवून घ्यायला स्टूल आणावं लागतं त्यांना, हसतील नाही तर काय करतील? पण तुम्हाला सांगतो, मला काही लढाईवर जायचं नव्हतं. चार टायर बदलायचे होते हो... फक्त चार टायर!

आता तुम्ही म्हणाल, मुळात गाडी उंच केलीच कशाला? तर आमच्या हिच्यासाठी. ही म्हणजे आमची बायको. सात महिने झाले तिला जाऊन... नाही नाही, लगेच चेहरे पाडू नका, पुढे बरंच आहे, तेव्हा पाडा. तर हिला एकच हौस. आमच्याकडे वस्ती संपली की एक खडकाळ रस्ता वर चढतो, त्याच्या टोकाला तळं आहे. शाळेत असताना बाईंबरोबर चालत गेली होती म्हणे. तेव्हापासून डोक्यात बसलं ते तळं. "अहो, एकदा जाऊ या ना. हौद्यात सतरंजी टाकू, थर्मासमधला चहा पिऊ, पाण्याकडे बघत बसू. बस्स!" बस्स म्हणायची हो ती! लोकांच्या बायका काय काय मागतात, आणि हिनं मागून मागून काय मागितलं, तर तळं. ते पण विकत नाही, नुसतं बघायला!

आणि मी काय म्हणायचो? "हौद्यात काचा आहेत."

सोमवारी म्हटलं, हौद्यात काचा आहेत. बुधवारी, काचा आहेत. बरं, रविवारी? रविवारी सोमवारच्या काचा आहेत! एकदा मात्र सापडलो. हौदा रिकामा. ही चपला घालून दारात उभी. निघालो. अर्ध्या रस्त्यात गाडीचं पोट दगडावर असं घासलं, खर्रर्र... की मी लगेच, "बघ! सांगितलं नव्हतं? ही काय त्या रस्त्याची गाडी आहे?" आणि फिरवली मागे. ती थर्मास मांडीवर धरून बसली. आणि मला काय वाटत होतं सांगू? आनंद! खोटं कशाला बोलू? आपलंच खरं झालं याचा आनंद होत होता मला. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बरं, हे झालं तळ्याचं. पण टायरचं घोडं अडलं ते पोच्यावर. तो ऐका.

एकोणीस वर्षांपूर्वी ही याच पिकअपवर गाडी शिकली. शिकवणारा मी, त्यामुळे आरडाओरडा आलाच. तर पहिल्याच दिवशी आमच्या फाटकातून आत येताना... वेग किती, तर शेजारून मुंगी चालली असती तर ती पुढे गेली असती... डाव्या बाजूनं खांबाला टक्! डावं पुढचं मडगार्ड, बंपरच्या अगदी मागे, बशी बसेल एवढा पोचा आत. ही खाली उतरली, पोच्याकडे बघितलं आणि खांबाला म्हणाली, "तू कधी आलास मध्ये?" मी जो हसत सुटलो, तो एकोणीस वर्षं हसतच होतो.

कारण मी तो काढूच दिला नाही. ती दर वर्षी म्हणायची, "अहो, तो पोचा काढून आणा हो, लाज वाटते." मी म्हणायचो, "छे! पुरावा आहे तो." पाहुणे आले की चहाच्या आधी पोचा! "या या, आमच्या हिची कलाकारी बघा." जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यालासुद्धा आधी पोचा दाखवला, मग मुलगी. आणि ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "हसा, हसा! एक दिवस तुमच्या हातनं पडेल ना, तेव्हा बघा. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढी हसेन मी!" मी म्हणायचो, "कोणाच्या हातनं? काचवाल्याच्या? वाट बघ!"

मग ती आजारी पडली. त्याचं काही सांगत नाही तुम्हाला, सगळ्यांच्या घरी तेच असतं... तपासण्या, मग मोठ्या तपासण्या, मग डॉक्टर आपल्याला एकट्याला बाहेर बोलावतात. मी आत गेलो आणि तिला म्हटलं, "तू घरी आलीस की तळ्यावर जायचं. गाडी उंच करून घेतो, मोठे टायर टाकतो, दगडांच्या बापाला ऐकणार नाही." ती हसली. म्हणाली, "काचा तेवढ्या उतरवून ठेवा."

ती घरी आली नाही.

गाडी मात्र उंच झाली. आधीच सांगून ठेवलं होतं ना गॅरेजवाल्याला! त्याचा फोन आला, "काका, गाडी तयार आहे." काय सांगणार त्याला? जाऊन घेऊन आलो. तर जुन्या टायरांवर ती उंच गाडी दिसायची कशी, तर आखूड पँट घातलेला ताडमाड माणूस. सहा महिने तशीच हिंडवली. मग एक दिवस म्हटलं, जे बोललोय ते पुरं करायचं. मोठे टायर टाकायचे आणि जायचं तळ्यावर. सोपं काम. चार टायर बदलायचे, फक्त चार टायर!

गेलो टायरवाल्याकडे. पोरगेलासा नाही हं, चांगला पन्नाशीचा गडी, बोलण्यापेक्षा टायरवर थापा जास्त मारतो. जुने काढले, नवे चढवले, गाडी खाली घेतली. "काका, बसा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवा, पूर्ण." फिरवलं. लोण्यासारखं! "आता डावीकडे." डावीकडे फिरवलं, आणि घर्रर्र... तो टॉर्च घेऊन खाली वाकला, त्याचा माणूस वाकला, हवा भरायला आलेला एक भला माणूस, त्याचा काही संबंध नाही, तोसुद्धा वाकला. मी वर बसून विचारतोय, "काय झालं? काय झालं?" खालून आवाज येतो, "काका, हा पोचा कुणी पाडला?"

म्हटलं, "का?"

"पत्रा आत आलाय ना. पूर्ण वळलं की टायर घासतो त्याला. उजवीकडे बघा, पत्रा सरळ आहे, तिथं काही नाही. मागून चार हातोडे टाकतो, दहा मिनिटांत सपाट." आणि हातोडा उचलला की हो त्यानं!

मी ओरडलो. किती मोठ्यानं ओरडलो मला माहीत नाही, पण समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "हात लावायचा नाही!" आणि उतरायला गेलो, तर गाडी आता उंच झालेली, माझा पाय अधांतरी, मी दाराला लटकलेला, आणि लटकल्या लटकल्या ओरडतोय, "त्या पोच्याला हात लावायचा नाही!" शेवटी त्या टायरवाल्यानंच कडेवर घेतल्यासारखं उतरवलं मला. म्हणाला, "काका, गाडी नव्यासारखी दिसेल." म्हटलं, "मला नको नव्यासारखी."

मुलीला फोन लावला. म्हटलं, ती तरी माझी बाजू घेईल. सगळं ऐकून घेतलं तिनं आणि म्हणाली, "बाबा, आईला तो पोचा कधीच आवडला नव्हता. तुलाच आवडायचा."

बसलो जुन्या टायरांच्या थप्पीवर. तुम्हीच विचार करा. एकोणीस वर्षं तिनं दोनच गोष्टी मागितल्या. पोचा काढा, आणि तळ्यावर न्या. चार हातोड्यांत दोन्ही होत होतं! पोचा गेला की गाडी वळते, वळली की तळं. पण माझा हातच पुढे होईना. घरातली तिची कपाटं मुलीनं आवरली, तिचा चष्मा कुठे ठेवला मला आठवत नाही, उशीला आता साबणाचा वास येतो. त्या बशीएवढ्या खळग्यात बोट फिरवलं की मात्र ती उतरते खाली आणि खांबाला विचारते, तू कधी आलास मध्ये. तो सपाट करू? कसा करू हो?

म्हटलं, "दुसरा काही उपाय?"

टायरवाला डोकं खाजवत म्हणाला, "आहे. इथं एक बोल्ट असतो. तो पुढे काढला की चाक डावीकडे अर्ध्यावरच थांबेल. घासणार नाही. पण काका, गाडी डावीकडे पूर्ण वळणार नाही हं."

"चालेल."

"चालेल काय? रस्त्याला डावीकडची वळणं असतात!"

म्हटलं, "मी बघून घेईन."

आणि तेव्हापासून बघतोच आहे! डावीकडच्या गल्लीत जायचं तर पुढे जातो, उजवीकडे वळतो, परत उजवीकडे, परत उजवीकडे, की आलो! गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "चौकातून डावीकडे दुसरं घर." मी म्हणतो, "पाऊण तासात येतो." ते म्हणतं, "अहो, चौकातच दिसताय तुम्ही मला!" दिसतोय रे बाबा, पण चौकात असणं वेगळं आणि तुझ्या दारात येणं वेगळं! चार टायर बदलायचे होते, फक्त चार टायर, तर माझ्या आयुष्यातून डावी बाजूच गेली.

पण रविवारी निघालो. हौदा रिकामा. एक काच नाही, तुकडासुद्धा नाही, झाडून घेतला. सतरंजी टाकली. थर्मास भरला. कप घेतले, दोन. सवय हो, दुसरं काय! खडकाळ रस्ता आला, आणि काय सांगू तुम्हाला, ज्या दगडानं तेव्हा पोट घासलं होतं ना, त्याच दगडावरून गाडी अशी गेली, अशी गेली, की मला कळलंसुद्धा नाही. मी शेजारच्या सीटकडे बघून म्हटलंसुद्धा, "बघितलंस?" तर सीटवर थर्मास.

चढलो, चढलो, पार वर गेलो. आणि शेवटचं वळण... बरोबर! डावीकडे! साधं नाही, कोपर मोडल्यासारखं. बाहेरच्या बाजूला दगडी कठडा. फिरवलं स्टिअरिंग, अर्ध्यावर थांबलं. पुढे, मागे. पुढे, मागे. समोरून एक माणूस स्कूटरवरून उतरत आला. म्हणाला, "तळ्यावर का? हे काय, वळलं की समोरच!"

वळलं की समोरच! अहो, वळलं तर ना!

परत मागे, परत पुढे. सातव्यांदा की आठव्यांदा, डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि... टक्.

उतरलो. म्हणजे उडी मारली. उजवं मडगार्ड, बंपरच्या अगदी मागे, कठड्याला टेकलेलं. बशी बसेल एवढा पोचा. बत्तीस वर्षांत ज्यानं एक पोचा पाडला नाही, त्या काचवाल्याच्या हातनं, मुंगीच्या वेगानं! स्कूटरवाला म्हणाला, "काका, चालत जा ना, शंभर पावलं आहेत." नाही गेलो. एकटा जाऊन काय बघू? पाणी?

उलट्या गिअरमध्ये खाली आणली गाडी. मोकळी जागा बघून उजवीकडे वळवायला गेलो, तर घर्रर्र... आता उजवीकडेही घासतं!

कसाबसा घरी आलो. फाटकाशी उभी केली. त्या खांबाजवळच. पुढे जाऊन उजवा पोचा बघितला, डावा बघितला, आणि मान वर करून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. एकोणीस वर्षं वाट बघितली हो तिनं या पोच्याची! पडला एकदाचा. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढी हसणार होती. मी उभाच आहे खाली, हस ना आता... गल्ली एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे गेलो. बघितलं त्यानं, हातोडा घ्यायला गेला, माझ्या तोंडाकडे बघून परत ठेवला. शहाणा माणूस. उजवीकडचाही बोल्ट पुढे काढून दिला. म्हणाला, "काका, आता ही गाडी जवळजवळ सरळच जाणार. मग तळ्यावर कसे जाणार तुम्ही?"

म्हटलं, "नाही रे जमत. हौद्यात काचा आहेत."