गहाण लहान

मी मूळचा घोटीकडचा, भातवाल्यांच्या मुलखातला, पण आमच्या घरात भात पिकवणारं कुणी नव्हतं, आम्ही शिंपी. वडील बाजाराच्या दिवशी हातमशीन डोक्यावर घेऊन जायचे, झाडाखाली बसून बंड्या शिवायचे आणि बाकीचे दिवस घरात गप्प असायचे. तो गप्प बसण्याचा गुण माझ्यात उतरला. लोक म्हणतात दामू शिंपी शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मास्तर, तुम्ही लिहून घेताच आहात तर हे आधी घ्या. आमच्या आळीत अजून असं बोलतात की सगुणेनं घर घालवलं, अंगठाछाप बाई, तिच्या हातात पैसा दिला आणि घर गेलं. सगुणा म्हणजे माझी बायको. हे बोलणं माझ्या कानांवर येतं, माझ्या तोंडावरही बोलतात, आणि मी आजवर मान खाली घालून टीप मारत राहिलो.

वडील गेल्यावर मी नाशकात आलो, एका मोठ्या शिंप्याच्या हाताखाली काजं करायला बसलो, त्यांनीच माझं लग्न जमवलं. सगुणेचे वडीलही आपल्यातलेच, पण ते कपडे नाही शिवायचे, जत्रेतल्या दुकानदारांची पालं आणि तंबू शिवायचे, दाभण चालवून चालवून बोटं अशी जाड झालेली. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं एवढंसं परसू, असं त्यांचं घर. जायच्या आधी त्यांनी ते लेकीच्या नावावर केलं, जावयाच्या नाही. माझ्यासमोर म्हणाले, जावईबापू, राग मानू नका, पोरीला आई नाही, भाऊ नाही, निदान भिंती असू द्या. मी म्हटलं, त्यात राग कसला. आणि राग नव्हताच, फक्त एवढंच की कुणी पत्ता विचारला की लोक म्हणायचे, ते काय सगुणाबाईचं घर, आणि मला ते कुठंतरी टोचायचं. हे मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर ती हसली असती आणि तिथंच मिटलं असतं.

संसाराचा पैसा तिच्याकडे. लिहिता येत नव्हतं, पण माझ्या कातरणातून उरलेल्या चिंध्यांचे तिनं बटवे शिवले होते, चिटाचा धान्याचा, पट्ट्यापट्ट्यांचा तेलामिठाचा, लाल खणाचा सणावाराचा. मी कमाई आणून द्यायची आणि तिनं चुलीपाशी बसून ती वाटायची. कधी तेलाच्या बटव्यातून धान्यासाठी उसने घ्यायची आणि परत टाकताना त्या बटव्याला म्हणायची, घे बाई तुझे, बोंबलू नकोस. मी म्हणायचो, अगं, तो काय ऐकतोय. ती म्हणायची, तुमच्यापेक्षा बरा, निदान पोट भरल्याचं दिसतं तरी. अशी होती. मूलबाळ नाही झालं आम्हाला, पण घरात बोलण्याचा आवाज असायचा, तो तिचा.

मग ती चळवळ आली. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी नाशकात ज्याच्यात्याच्या डोक्यावर पांढरी खादीची टोपी, शाळेतल्या पोरांपासून भाजीवाल्यापर्यंत. मी दुसऱ्याच्या दुकानात बसून टोप्या शिवत होतो आणि पैसा मालकाला जात होता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही, स्वतःचं दुकान, दोन मशिनी, खादीचे तागे. चारशे रुपये लागत होते. माझ्याकडे काय होतं? काहीच नव्हतं. घर होतं, ते तिचं.

तिला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, बाबांनी भिंती दिल्यात. मी म्हटलं, भिंती कुठं जातात, गहाणच टाकायच्या, आपण राहायचं आतच. दोन दिवसांनी म्हणाली, टाका, पण दुकानावर नाव तुमचं लावा, लोकांना सांगायला बरं पडेल, शिंप्याचं दुकान. म्हणजे तिला कळलं होतं मला काय टोचतं ते. मला त्याची लाज वाटली का? नाही वाटली, आनंद झाला.

आमच्या आळीच्या टोकाला एक शेट राहायचे, वाईट माणूस नव्हता, हे लिहा. ते म्हणाले, साधं गहाण कर, व्याज जास्त, नाहीतर गहाण लहान कर, व्याज कमी. आता तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. गहाण लहान म्हणजे पाच वर्षांची मुदत, मुदतीत पैसा फिटला तर घर आपलं, नाही फिटला तर ते गहाणच खरेदी धरायचं, घर शेटचं. दस्त लिहिणाऱ्यानं मला नीट समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. मी मनात हिशेब केला, या टोप्या अशाच खपल्या तर दोन वर्षांत मोकळा. केलं गहाण लहान.

घर तिचं म्हणून कचेरीत तिला यावं लागलं. डोक्यावरून पदर, भिंतीशी उभी. कारकुनानं दस्त वाचला, तुम्ही ऐकलंय ना कसं वाचतात, भटजी मंत्र म्हणतात तसं, आणि शेवटी म्हणाला, बाई, समजलं का? ती हो म्हणाली. अंगठा केला. पायऱ्या उतरताना शाईचा अंगठा पदराला लागू नये म्हणून असा दूर धरून चालली होती आणि माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, बरं झालं हो, लहान आहे. मला बाई वाटलं, केवढं मोठं गहाण असेल.

मी काय बोलायचं होतं? एवढंच, अगं, लहान म्हणजे छोटं नव्हे. चार शब्द. पण ती इतकी मोकळी हसत होती, आणि मला वाटलं, आता अंगठा तर झालाच, कशाला तिचा जीव टांगणीला लावायचा, फेडून टाकू, मग सांगू, दोघं हसू. म्हटलं, चल, ऊन होतंय.

दुकान निघालं, पाटीवर माझं नाव. पहिलं वर्ष बरं गेलं. मग चळवळ थंडावली, माणसं पुन्हा काळ्या टोप्यांवर आली, कचेरीत जाणारे तर पांढरी टोपी खिशातसुद्धा ठेवायला भ्यायचे, आणि माझ्याकडे टोप्यांच्या चवडीच्या चवडी, कडेनं पिवळ्या पडायला लागलेल्या. सगुणा त्या धुवायची, नीळ द्यायची, वाळत घालायची. शेजारची कोंडाबाई कुंपणावरून विचारायची, काय गं सगुणे, सभा भरलीय का परसात? सगुणा म्हणायची, हो, सगळे पुढारी वाळत घातलेत.

दुसऱ्या मशिनीवर कुणी बसायला उरलं नाही, ती विकली. कसंबसं व्याज जात होतं. त्यासाठी तिनं एक नवा बटवा केला, पांढरा, त्या टोप्यांच्याच कापडाचा. मी सारखा आखाजीचे दिवस मोजायचो, कारण मुदत वैशाखातल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, संपत होती. हे मोजणं मी एकटाच करायचो. तिच्याशेजारी बसून जेवायचो आणि मनात मोजायचो. काय सांगू तुम्हाला, एका घरात दोन माणसं आणि एकालाच माहीत की घर जायचंय, असं राहून बघा.

आणि मग बघा काय केलं तिनं. त्या टोप्या उसवल्या. धुऊन धुऊन खादी अशी मऊ पडली होती, साईसारखी. त्याची तिनं तान्ह्या पोरांची टोपडी शिवली, कडेला रंगीत फीत, कानाशी गोंडे. पोर नसलेल्या बाईनं शिवलेली टोपडी लोक घेतील का, मला शंका होती, ती तिलाही होतीच, म्हणून ती स्वतः विकायला गेली नाही, कोंडाबाईच्या हातानं खपवली. पण लोक आपणहून दारात यायला लागले. आळीतली निम्मी पोरं चळवळीत जन्मली म्हणून थट्टा व्हायची. पांढरा बटवा फुगायला लागला. फुगत फुगत तीनशेच्या वर गेला, मुदतीला अजून पाच-सहा महिने होते. मला रात्री झोप लागायला लागली, खरं सांगतो. वाटलं, सुटलो, आता सांगायची गरजच पडणार नाही.

तेवढ्यात घोटीहून माझी बहीण आली, अक्का, तिच्या पोरीचं जमलं होतं आणि मांडवाला पैसा नव्हता. अक्का माझ्याशी बोललीच नाही, सरळ सगुणेपाशी जाऊन रडली. सगुणा माझ्याकडे आली. पांढरा बटवा हातात. म्हणाली, काय करू हो, देऊ का? आपलं काय, लहानच गहाण आहे, शेट थोडं थांबेल, पोरीचं लग्न थांबायचं नाही.

मास्तर, ती विचारायला आली होती. मला विचारायला आली होती. नको म्हटलं असतं तर का म्हणून सांगावं लागलं असतं, आणि का म्हटल्यावर कचेरीच्या पायऱ्यांपासून सगळं सांगावं लागलं असतं, की इतकी वर्षं तू वेड्यासारखी समजत राहिलीस आणि मी समजू दिलं. माझ्या हातात सुई होती, मी ती सुई ओवत बसलो. म्हटलं, दे.

लग्न छान झालं. सगळ्यांनी मामीचं कौतुक केलं.

आखाजी आली तेव्हा तिनं सांजोऱ्या केल्या होत्या. मी खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून घर शेटचं होतं आणि ते शेटला आणि मला ठाऊक होतं. शेट दोन महिने काही बोलले नाहीत, त्यांनाही अवघड वाटत असावं. आणि त्या दोन महिन्यांत सगुणेनं, मला न सांगता, लग्नानंतर टोपड्यांतून पुन्हा जमलेल्या पैशात पाटल्या मोडून राहिलेलं भरलं, आणि एका सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून एकटीच शेटकडे गेली. मला चकित करायचं होतं म्हणे.

परत आली ती बटवा तसाच हातात घेऊन. उंबऱ्यातच थांबली, आत आली नाही. म्हणाली, शेट म्हणतात, बाई, आता हे घेऊन मी काय करू. मग माझ्याकडे बघून विचारलं, लहान म्हणजे काय हो?

मी सांगितलं. जेवढं तुम्हाला सांगितलं तेवढंच. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं? मी हो म्हटलं. आणि अक्का आली तेव्हा? मी हो म्हटलं. मग ती आत गेली आणि भात टाकला, कारण जेवणाची वेळ झाली होती.

इथंही संपलं असतं तरी चाललं असतं. पण ज्यांचे कोट मी शिवतो ते एक वकील होते, त्यांच्याकडे सगुणा गेली, मलाही नेलं. ते म्हणाले, पैसा हातात आहे ना, मग कोर्टात भांडता येईल, पण बाईला अट समजलीच नव्हती हे दाखवावं लागेल, आणि ते दाखवणार कोण? माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, तू उभा राहा आणि शपथेवर सांग की तुला माहीत होतं आणि तू बायकोला सांगितलं नाहीस. जमेल?

सगुणा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघू.

घरी येताना माझ्या डोळ्यांसमोर सगळी आळी येत होती, कोर्टात मागच्या बाकांवर बसलेली. दामू शिंपी, शांत माणूस. तिनं चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, जाऊ द्या, मी अंगठा करताना हो म्हटलं होतं, तेवढंच खरं धरू. माझी लाज तिनं झाकली, मास्तर, घर देऊन झाकली. आणि आळीनं ठरवलं की नणंदेच्या पोरीच्या लग्नात मिरवायला गेली आणि घर घालवून बसली. तिनं ते ऐकलं. मी ऐकलं.

शेटनं दसऱ्यापर्यंत राहू दिलं. मग मी ही खोली भाड्यानं घेतली आणि ती पिंपळगावला मावशीकडे गेली, भांडून नाही, म्हणाली, मावशी थकलीय, तिला माणूस हवं. त्या बटव्यातल्याच पैशातून तिनं तिथं मशीन घेतली, पायाची. बायका चोळ्या शिवायला येतात, ऐकतो की हात चांगला आहे. दिवाळीला मी जातो. ती पाट मांडते, वाढते, दुकान कसं चाललंय विचारते. मावशीकडची माणसं पाहुणे आले म्हणतात. निघताना ती ओट्यापर्यंत येते आणि उन्हाचं जपा म्हणते, थंडीतसुद्धा उन्हाचंच म्हणते. मी परत येतो. कुलूप काढतो. शेजारच्या खोलीतलं बोलणं भिंतीतून ऐकू येतं, ते ऐकत मी भाकरी थापतो, आता जमायला लागली आहे.

तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, तिला सगळं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते इतरांना. म्हणून हे तुम्ही लिहा आणि खाली माझं नाव घाला, दामू शिंपी, आणि आळीत मोठ्यानं वाचा, कोंडाबाईच्या ओट्यावर वाचा, शेटच्या दारात वाचा, मी समोर उभा राहीन. घर सगुणेनं घालवलं नाही. तिनं ते एकदा फेडत आणलं होतं आणि दुसऱ्यांदा पुरतं फेडलं होतं. मला कुणी काही म्हणालं तर म्हणू दे, घर जाऊन चार वर्षं झाली, तेवढा उशीर झाला आहे त्याला. तिच्या हाताला असंच यश येवो, आणि पिंपळगावात लोक पत्ता सांगताना तिचं नाव घेवोत.