दोनदा कोरडं लागल्यावर

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि खुर्ची न मिळाल्यानं दाराशी उभे असलेले सहकारी,

मी सरांची प्रयोगशाळा सहायक. चार शब्द गोड बोला, असं मला बजावलंय. प्रयत्न करते.

बावीस वर्षं सरांचा एकच प्रश्न: जे दिसत नाही, ते मेंदू ओळखतो कसं? त्यासाठी उंदरापुढं दोन नळ्या. आज पाणी कुठल्या नळीला, हे त्याला कोण सांगणार? तो चाटून अंदाज बांधतो. दोनदा कोरडं लागलं की मुकाट्यानं दुसरीकडे वळतो.

नऊ वर्षांपूर्वी आमचे उंदीर अचानक फार हुशार झाले. न चाटताच बरोबर नळीकडे. सगळे खूश. सरांनी मात्र दाराबाहेर बसून नुसतं ऐकलं, आणि चूक सापडली. पाण्याची नळी मीच बदलायचे, आणि बदलली की पिंजऱ्यापाशी जरा जास्त रेंगाळत होते. उंदीर माझ्या पावलांवरून ओळखत होते. आठ महिन्यांचं काम फुकट.

सर काय म्हणाले? काही नाही. चष्मा पुसला आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात नळ्या बदलायला यंत्र आलं, मला टेबलावर नोंदी तपासायला बसवलं. मी काय समजायचं? समजले, की यांच्या मनातून आपण उतरलो. सरांना सांगून पीएचडीचा अर्ज भरून ठेवला होता, तो फाडून टाकला.

परवा त्यांचं कपाट आवरताना त्याच आठवड्यातलं एक पत्र सापडलं. ‘चूक माझ्या मांडणीची. सहायक बाईंची नजर उत्तम आहे, त्यांना संशोधनासाठी घ्यावं.’ खाली कार्यालयाचा शेरा, ‘अर्ज आल्यावर पाहू.’ मी पत्र नाचवत विचारलं, तर सर म्हणतात, “मला वाटलं, तुमचाच विचार बदलला.”

अहो, वाटलं काय? उंदराला विचारता येत नाही म्हणून तो बिचारा अंदाज बांधतो. आपण दोघं एका खोलीत, एका किटलीतला चहा पीत नऊ वर्षं अंदाज बांधत बसलो? राग तुमचा येतो, आणि त्याहून जास्त माझा. मी तरी कुठं तोंड उघडलं?

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. आयोजकांची मी ऋणी आहे, आणि जास्त बोलले असेन तर ते पोटात घाला. सर, नवा अर्ज भरून आणलाय. तुमची सही आज पाचपर्यंतच चालते आणि सव्वाचार वाजून गेलेत. चहा नंतर घ्या.