पंधरा नंबरची मूठ

— नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे खिडकीशी बसा. आणि ते यंत्र बंद ठेवा आधी. बंदच आहे? बरं. तर काय म्हणत होतात — शनिवारी स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार? दाखवा की. माझं काय जातंय. एकवीस वर्षांपूर्वीची चित्रफीत, कुणाच्या तरी माळ्यावर सापडली, आणि तिच्यात पंचाची मूठ स्वच्छ दिसते — दिसत असेल. मी कुठं नाही म्हणतोय? पण त्यावरून तुम्ही उठून या झेनोनास गाइझुटिसच्या घरी आलात आणि विचारताय, की पंधरा नंबरचा फाउल पाच नंबरच्या नावावर कसा काय गेला. अहो बाई, चौतीस वर्षं मी त्या टेबलाशी गुणलेखक म्हणून बसलोय. चौतीस वर्षं! आमच्या गावच्या बास्केटबॉल संघाचे सगळे सामने या हातानं लिहिलेत, कुठं खाडाखोड दाखवा, मी मिशा उतरवून देतो. आणि एका संध्याकाळची एक चूक — चूकच म्हणा, होते माणसाकडून — ती तुम्हाला त्या वायदोतासच्या निरोपाच्या फिल्ममध्ये घालायचीय. म्हणजे सगळं गाव म्हणणार, बघा, या म्हाताऱ्यानं पोराचं वाटोळं केलं. घाला. खुशाल घाला.

कारकीर्द म्हणे. तुम्हीच म्हणालात ना दारात, 'वायदोतास रुदमिनासची कारकीर्द'? मला हसूच आलं. कसली कारकीर्द? आधी लाटव्हियात, मग पोलंडमध्ये, मग युक्रेन, रुमानिया, तिथून कुठं तर सायप्रसला, तिथून परत पोलंड — वीस वर्षांत सतरा संघ! बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, दिवाणखान्याला सतरंजी घ्यावी एवढासुद्धा एका ठिकाणी टिकला नसेल. गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया. आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी परत आला गावात, दुसऱ्या दर्जाच्या संघात, सामन्याच्या मध्यंतरात बर्फाची पिशवी बांधून बसतो, आणि आमच्या बाया डोळ्यांना रुमाल लावतात. का? तर आपला वायदोतास घरी आला. आमच्या लिथुआनियाचं हे असंच आहे, बाई, तुम्ही राजधानीतल्या, तुम्हाला काय सांगायचं — प्रत्येक गोठ्याच्या भिंतीला एक कडं ठोकलेलं, प्रत्येक आईला वाटतं आपलं लांबडं पोर म्हणजे देशाचं भाग्य. उंच झाला की झालं! डोकं नंतर आलं तर आलं. आणि आता त्याची पाच नंबरची जर्सी छताला टांगणार आहेत. कायमची. पुन्हा कुणी पाच नंबर घालायचा नाही. असं काय केलंन त्यानं, मला सांगा ना. छताला टांगण्यासारखं काय केलं? खेळायचा, हो. खेळायचा, नाही कोण म्हणतंय. कोपऱ्यातून टाकायचा ना, तेव्हा चेंडू हातातून सुटला की मी वर बघायचोच नाही, सरळ तीन गुण मांडायला लागायचो. पण असे छप्पन्न लिहिलेत मी.

तो सामना? सांगतो की, त्यात लपवायचं काय आहे. अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल. जिंकलो असतो तर वरच्या गटात जात होतो. चार हजारांच्या सभागृहात पाच हजार माणसं, खिडक्यांत पोरं बसलेली, आणि पहिल्या रांगेत दोन स्पॅनिश माणसं, तपकिरी कोट घातलेली — त्यांच्या क्लबनं पाठवलेली, वायदोतासला बघायला. सही जवळजवळ ठरलेली. हा एवढा एक सामना पुरा बघायचा आणि करार. गावाला सगळं ठाऊक होतं, केशकर्तनालयात दुसरा विषय नव्हता. शेवटची दोन मिनिटं उरलेली, आम्ही एका गुणानं पुढं, वायदोतासचे चार फाउल झालेले. पाचवा झाला की बाहेर. आणि तेव्हा कड्याखाली ही धक्काबुक्की झाली — पाच जण एकावर एक — आणि पंचानं शिट्टी मारली. आता हे बघा, तेव्हा खेळाडूंचे नंबर चार ते पंधरा एवढेच असायचे. का, माहीत आहे? पंचाला बोटांनी दाखवता यावेत म्हणून. पाच नंबर असेल तर नुसता पंजा. पंधरा असेल तर एक हात मूठ — मूठ म्हणजे दहा — आणि दुसरा पंजा. गोंगाटात ओरडून काही कळत नाही, म्हणून हे. गुणलेखकानं हाताकडे बघायचं आणि लिहायचं, बस. तर त्यानं टेबलाकडे तोंड करून हात वर केले आणि मी पंजा पाहिला. पंजा पाहिला, पाच लिहिलं. लिहिलं आणि लाल पाटी वर केली, पाच फाउल झाल्याची. नियमच आहे तो, त्यात माझं काय?

मग काय, तमाशा. वायदोतास टेबलाशी धावत आला, "काका, माझा नाही हो, मी हातसुद्धा लावला नाही." काका! मी म्हटलं, जे दाखवलं ते लिहिलं. पंच आला, तो बिचारा स्वतःच गोंधळलेला, त्या ढिगाऱ्यात त्याला तरी काय धड दिसलं असणार. मी त्याला विचारलं, तू पंजा दाखवलास की नाही? म्हणाला, दाखवला. मग झालं तर. आणि पंधरा नंबर — तो तर संघाचा कप्तान, छत्तीस वर्षांचा घोडा — फाउल आपला आहे हे त्याला पुरतं माहीत, आणि हरकत नोंदवायची सही त्यानंच करायची असते, तर हा कंबरेवर हात ठेवून छताकडे बघत उभा. त्याचेही चार झालेले होते ना! त्याला वाटलं, बरं झालं, पोरगा गेला, मी राहिलो. आणि आज तोच मला रस्त्यात टोपी काढून नमस्कार करतो. सगळे साले एकाच माळेचे मणी. पण वायदोतासनं काय करावं? खऱ्या खेळाडूनं जीभ चावून बाकावर जाऊन बसावं. हा गेला आणि पंचाला छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. पाठीवर पडला पंच, बाई! पाच हजार माणसांदेखत! एक वर्षाची बंदी. सामना गेलाच. आणि ते तपकिरी कोट, त्यांनी बंदीची वाटसुद्धा पाहिली नाही, शेवटची शिट्टी व्हायच्या आत उठून गेले. मी पाहिलं त्यांना जाताना. आता मला सांगा, ढकलायला मी सांगितलं होतं? त्याचे हात धरून मी ढकललं? नाकावर राग घेऊन जन्माला आलेल्या माणसाचं वाटोळं दुसऱ्यानं करायची गरज काय? फिल्ममध्ये ते दाखवा. ढकललेलं दाखवा.

नाही, माझा काही राग नाही त्याच्यावर. राग कशाला असेल? माझ्या टेबलाशी बसून जेवून गेलाय तो. त्या सामन्याच्या आधीच्या रविवारी — हे फिल्मसाठी नाही, असंच सांगतोय — आला होता, हातात हा एवढा शाकोतिस घेऊन, आमच्याकडं लग्नकार्याला असतो तो फांद्या फुटलेला केक. मी तेव्हाच समजलो. बटाट्याचा कुगेलिस केला होता माझ्या मुलीनं, जुर्गानं, तर यानं अर्धं भांडं एकट्यानं संपवलं, साईसकट, आणि मग तोंड पुसून मला म्हणतो, "काका, स्पेनचं झालं की जुर्गाला घेऊन जातो." घेऊन जातो! छत्री मागावी तसं. विचारलंसुद्धा नाही, सांगितलं. आणि ती तिथं उभी, चुलीशी, लाल झालेली, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिची आई आदल्या ऑक्टोबरात गेलेली. सहा महिने झाले होते फक्त. घरात मी आणि ती. मी म्हटलं, बघू. काय म्हणणार? वीस वर्षांचा पोरगा, सगळा गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचतोय, आणि मी कोण? टेबलाशी बसून आकडे लिहिणारा. मनात म्हटलं, वा रे वा, चेंडू कड्यात टाकता येतो म्हणून माझं घर रिकामं करायला निघालास. आणि तिथं तिचं काय होणार होतं? ना भाषा ना माणूस. हा सामन्यांना जाणार, ही चौथ्या मजल्यावर बसून वाट बघणार. दोन वर्षांत दुसरी कुणी भेटली असती त्याला. या लोकांचं मी चौतीस वर्षं बघतोय.

काय? नाही, त्याचा आणि सामन्याचा काय संबंध? टेबलाशी बसलं की मी कुणाचा बाप नसतो. हात वर गेले, मी बघितलं, लिहिलं. पंच समोर उभा, हा एवढ्या अंतरावर, घामानं निथळलेला, अंगठ्याला त्याच्या मळकी चिकटपट्टी गुंडाळलेली, मूठ इतकी घट्ट की चिकटपट्टी सुटायला आलेली —

हं.

नाही, तुमच्या चित्रफितीत ती दिसायची नाही. ती गॅलरीवरून काढलेली आहे, नाही का. लांबून. चिकटपट्टी कुठून दिसणार.

असं बघू नका माझ्याकडे. पाहिली मी मूठ. हो! पाहिली, आणि पंजाही पाहिला, आणि पेन्सिल पाच नंबरच्या ओळीवर नेली. झालं समाधान? शेजारी घड्याळ सांभाळणारा घड्याळाकडे बघत होता, कुणी बघत नव्हतं माझ्याकडे. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय, एक सामना हरेल, करार थोडा लांबेल, वर्षभर तरी राहील ती इथं. मला काय माहीत हा मूर्ख पंचाला आडवा करेल! माझ्या पेन्सिलीची चूक एवढीशी, बाकीची सगळी त्याच्या दोन हातांची. आणि मी केलं ते चांगलंच केलं. बंदी लागल्यावर तोंड लपवून लाटव्हियाला गेला, तिला तीन पत्रं पाठवली, मग तीही बंद. लाज वाटली म्हणे, अशा अवस्थेत कुठल्या तोंडानं बोलवू. हा त्याचा पुरुषार्थ! ती दोन वर्षं पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसली, मग विमा कंपनीतल्या एका माणसाशी लग्न केलं, तो आयर्लंडला अळिंबी भरायच्या कामाला गेला तो तिथंच रमला. गेला तर गेला. ती राहिली ना. इथं, दोन गल्ल्या सोडून. रोज दवाखान्यातलं काम संपलं की येते, बरणीत सूप घेऊन, या खिडकीशी बसते, शब्दकोडं सोडवते, मला औषधं काढून देते. वीस वर्षं एक दिवस चुकवला नाही. आणि तुमचा तो तिला काय देणार होता? बॅगा भरायला आणि उपसायला लावल्या असत्या, सतरा वेळा. कुठलीही विचारी बाई मला धन्यवाद देईल.

या आठवड्यात नाही आली. सर्दी झालीय म्हणाली फोनवर. सगळीकडे साथ आहे.

पण मला एक सांगा — तुमच्या हे लक्षात कसं आलं? तुमचं वय काय, पस्तीस? तुम्ही शाळेत होतात तेव्हा. चित्रफितीत मूठ बघून तुम्हाला काय कळणार, तुम्हाला तर मी आत्ता समजावून सांगितलं मूठ म्हणजे दहा. की माहीत होतं? मान हलवत होतात, माहीत असल्यासारखी. कुणी सांगितलं? गावात जुने पंच उरलेत दोन, त्यातला एक आंधळा झालाय. मग कोण? कुणाला दाखवलीत तुम्ही ती चित्रफीत?

जुर्गाला?

कधी?

सोमवारी. म्हणजे तुम्ही तिच्याशीही बोललात, त्याच्या जुन्या ओळखीची म्हणून. आणि तिनंच थांबवलं चित्र, आणि मूठ दाखवली. हो, तिला कळतं. सात वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी बसायची ती सामन्यांना, पेन्सिलींना टोकं काढून द्यायची. माझ्या आधी तिच्या तोंडून नंबर यायचा. आणि त्या दिवशी ती वर गॅलरीत होती, त्याच्या आईजवळ. एवढ्या लांबून नसेल दिसलं.

तिनं पाठवलं तुम्हाला? फिल्मचं निमित्त, आणि विचारायचं एवढंच होतं, बाबांनी मूठ पाहिली होती का? मग हे आल्या आल्या सांगायचं, बाई! मला बडबडू दिलंत. हे बघा, तिला सांगा, चष्मा घरी राहिला होता. खरंच तेव्हा नवीन चष्मा लागला होता, तिच्या लक्षात असेल, मी लाजेनं लावत नव्हतो. सांगा, म्हातारा म्हणाला, दिसली नाही. एवढंच सांगा. तुमचं काय जातंय? शनिवारी दाखवा ना पडद्यावर, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे, मी थोबाडीत खाईन सगळ्यांच्या, पण तिला एवढं सांगा. दोन शब्द.

नाही म्हणता. शहाण्या मोठ्या. मग कशाला बसलात? उठा. तुमच्यासारख्या बाया मला चांगल्या माहीत आहेत, दुसऱ्याच्या घरात येऊन गालिच्यावर चिखल करायचा आणि त्याला सत्य म्हणायचं. उठा म्हणतो ना. पिशवी घ्या तुमची. आणि तिनं विचारलं तर — नाही. ती नाही विचारणार. मूठ तिनं पाहिली, मी कसा बघायचो पंचाकडे तेही तिला पाठ आहे. तिला उत्तर नको होतं. मी काय सांगून पाठवतो, ते बघायचं होतं तिला.

आणि मी चष्म्याचं सांगितलं.

जा. जिना अंधारा आहे, कठडा धरून उतरा.